तागाची जुडी आणि प्रकाशाची दिशा

गेल्या गणेशोत्सवात येथील काही मराठी कुटुंबांच्या बैठकीत 'भारतीय विज्ञान' या विषयावर चार शब्द बोलण्याची पाळी माझ्यावर आली. मी विज्ञानाचा पदवीधर खरा. परंतु गेली दहा-बारा वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात गेली असल्यामुळे ज्ञानाची उणीव आवेशाने भरून काढण्याचा मोह मला आवरला नाही. आज जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत अर्धसंवाहकांच्या ज्या नॅनोतारांवर संशोधन चालले आहे, प्रकाशाची दिशा ओळखणारी जी सूक्ष्म उपकरणे त्या तारांपासून बनविली जात आहेत, ते सर्व आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात करून ठेवले होते, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. प्रसाद वाटून झाल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "बोलणे छान झाले हो तुमचे. पण एक सांगा, सगळे जर तेव्हाच झाले होते, तर मधली शंभर वर्षे कुठे गेली?"

मला उत्तर देता आले नाही. कांचघरातील माझ्या बिऱ्हाडी परत येताना तो प्रश्न माझ्याबरोबर चालत होता. नंतरच्या काही महिन्यांत रविवार आणि सुट्ट्या खर्ची घालून मी जे वाचले, त्यावरून माझे विधान चुकीचे होते अशी माझी खात्री झाली. मात्र ते सर्वस्वी खोटेही नव्हते. चूक कोठे होती आणि खरे कितपत होते, हे त्याच मंडळींपुढे आणि आपणा वाचकांपुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम प्रकाशाच्या दिशेविषयी थोडे सांगितले पाहिजे. येथे दिशा म्हणजे प्रकाश कोठून कोठे जातो ती नव्हे. जाता जाता तो कोणत्या बाजूस कंप पावतो ती. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसरे हाताने हलविले, तर लाट भिंतीकडे जाते. दोरी मात्र वरखाली किंवा डावी-उजवीकडे हलते. प्रकाशलाटेतील विद्युत्क्षेत्राचे तसेच आहे. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात ही कंपने सर्व बाजूंची मिसळलेली असतात. त्यांतून एकाच बाजूची कंपने निवडली, की उरतो तो ध्रुवित प्रकाश. मानवी डोळ्याला हा भेद जवळजवळ कळतच नाही. म्हणूनच तो इतकी शतके दृष्टीआड राहिला.

तो प्रथम सापडला तो काचेच्याच निमित्ताने, हे कांचघरात राहणाऱ्या माणसाला विशेष वाटावे. आइसलँडमध्ये मिळणाऱ्या स्वच्छ कॅल्साइट स्फटिकातून पाहिले असता प्रत्येक वस्तू दोन दिसते, हे डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ मध्येच नोंदविले होते. पुढे १८०८ मध्ये पॅरिस येथे एटियेन मालुस हा फ्रेंच अभियंता अशाच एका स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होता. मावळत्या सूर्याचा प्रकाश राजवाड्याच्या खिडक्यांच्या तावदानांवरून परावर्तित होऊन येत होता. स्फटिक फिरवताच दोन प्रतिमांपैकी एक फिकी पडते आणि दुसरी उजळते, हे त्याच्या ध्यानात आले. साध्या काचेवरून उसळलेल्या प्रकाशाने बाजू धरलेली होती! काचेच्या बाबतीत लंबाशी सुमारे सत्तावन्न अंशांचा कोन झाल्यास परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित होतो. त्याचा नियम ब्रूस्टरने १८१५ मध्ये बसवून दिला. आजही कांचघरातल्या कोणत्याही तावदानावर संध्याकाळी हाच चमत्कार घडत असतो. आपण तिकडे पाहत नाही इतकेच.

यानंतरची महत्त्वाची पायरी जर्मनीत पडली. १८८८ मध्ये हाइन्‍रिख हर्ट्झने विद्युत्‌लहरी निर्माण करून त्या प्रकाशाच्याच कुळातील आहेत, हे दाखविले. त्यासाठी त्याने लाकडी चौकटीवर एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा तीन-तीन सेंटिमीटरांच्या अंतराने समांतर ताणून एक जाळी केली. त्याच्या लहरींची लांबी साधारण सहासष्ट सेंटिमीटर होती. लहरीचे कंपन तारांना आडवे असले म्हणजे लहर जाळीतून आरपार जाई. कंपन तारांच्या लांबीच्या दिशेने असले म्हणजे ती अडे. कुंपणाच्या उभ्या गजांतून दोरीची उभी लाट पार होते, असा दृष्टांत पुष्कळदा देतात. परंतु तारांच्या बाबतीत तो उलटा लागू पडतो. तारेच्या लांबीने कंप पावणारे विद्युत्क्षेत्र धातूतील विद्युत्कणांना लांबवर पळविते, त्यात लहरीची शक्ती परत फेकली जाते किंवा खर्च होते. आडव्या कंपनाला मात्र बारीक तारेच्या जाडीत कणांना पळविण्यास जागाच मिळत नाही.

आता कलकत्त्याकडे वळू. १८९५ च्या मे महिन्यात जगदीशचंद्र बोसांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे आपला पहिला संशोधननिबंध वाचला. दुहेरी अपवर्तन करणाऱ्या स्फटिकांमुळे विद्युत्‌किरणांचे होणारे ध्रुवण, हाच त्याचा विषय होता. हर्ट्झच्या लांब लहरी प्रयोगशाळेत आटोक्यात राहत नसत. बोसांनी त्या पाच ते पंचवीस मिलिमीटरांपर्यंत खाली आणल्या. त्यामुळे सारे उपकरण टेबलावर मावू लागले. हे सर्व ते प्रेसिडेन्सी कॉलेजातील अध्यापनाचे काम सांभाळून, फावल्या वेळात आणि बऱ्याच अंशी पदरचे पैसे घालून करीत होते. सरकारी नोकरीतील आपणा मंडळींस त्यांची आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १८८५ मध्ये ते नोकरीस लागले तेव्हा हिंदी अध्यापकाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मे. बोसांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. शिकविण्यात मात्र खंड पडू दिला नाही. अखेर सरकारने त्यांना मागील तारखेपासून कायम करून संपूर्ण थकबाकी दिली. थकबाकीच्या इतिहासात इतके मानाचे पान दुसरे क्वचितच असेल.

२९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोसांनी आपले प्रयोग दाखविले. विद्युत्‌लहरींची बाजू निवडण्यासाठी त्यांनी जी साधने वापरली, त्यांत रेल्वेचे एक वेळापत्रक होते. ब्रॅडशॉचे ते जाडजूड वेळापत्रक घेऊन त्याच्या पानापानांमध्ये त्यांनी कथलाचा वर्ख घातला. झाली हर्ट्झच्या जाळीसारखी समांतर धातूपत्र्यांची जाळी तयार! प्रश्नकर्त्या रेल्वेच्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते खूष झाले. जबलपूरला १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग एकमेकांस मिळाले, आणि त्या दोन महानगरांमधील प्रवास रुळांवरून सलग होऊ लागला. तेव्हापासून वेळापत्रक हा या गावाचा जणू धर्मग्रंथच आहे. त्याचा असा विनियोग होऊ शकतो, हे मात्र येथे कोणाच्या ध्यानीमनी नसेल.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. वर्ख काढून टाकला, नुसते पुस्तक ठेवले, तरीही लहरीचे काही प्रमाणात ध्रुवण होते, असे बोसांना आढळले. तेथे धातू नाही, तार नाही. केवळ कागद आणि दोन पानांमधील हवेचा पातळ थर. म्हणजे लहरीची बाजू निवडण्यासाठी विद्युत्‌वाहक हवाच असे नाही. विजेच्या दृष्टीने भिन्न स्वभावाचे दोन पदार्थ बारीक थरांनी एकाआड एक मांडले, तर ती मांडणीच निवड करू शकते. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे आपणास ते फिरून भेटणार आहे.

याखेरीज त्यांनी नेमलाइट नावाचे तंतुमय खनिज तपासले. ते तंतूंच्या दिशेची कंपने शोषून घेई आणि आडवी जाऊ देई. ज्या दिशेने शोषण अधिक, त्याच दिशेने विजेचे वहनही अधिक, ही जोडही त्यांनी दाखविली. १८९८ मध्ये त्यांनी तागाच्या जुड्या पिळून त्यांतून लहरी सोडल्या. उजवा पीळ दिलेल्या जुडीने कंपनाची बाजू एकीकडे वळे, डावा पीळ दिलेल्या जुडीने दुसरीकडे. साखरेच्या पाकातून जाताना प्रकाशाची बाजू का वळते, याचे हे डोळ्यांना दिसणारे आणि हातात धरता येणारे प्रतिरूप होते. रेणूंच्या रचनेचा अभ्यास बंगालच्या तागाने!

बोसांचे दुसरे काम याहून निराळे, पण तितकेच मोलाचे आहे. लहर पाठविणे सोपे. ती आली हे ओळखणे अवघड. त्यासाठी त्यांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा खनिज स्फटिक, आणि त्याला टेकलेले धातूचे टोक असा ग्राहक तयार केला. तो विद्युत्‌लहरींना जसा प्रतिसाद देई तसाच दृश्य प्रकाशालाही देई. आपल्या 'तेज' या संस्कृत शब्दावरून त्यांनी त्याला 'तेजोमीटर' म्हटले. मित्रमंडळींच्या, विशेषतः भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटासाठी अर्ज गेला आणि मार्च १९०४ मध्ये ७५५८४० या क्रमांकाचे पेटंट मिळाले. अर्धसंवाहकाच्या उपकरणाचे हे जगातील अगदी आरंभीचे पेटंट. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या ब्रॅटन यांनी पिअर्सन यांच्यासमवेत १९५५ मध्ये अर्धसंवाहकांचा इतिहास लिहिला, तेव्हा रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धसंवाहक स्फटिक वापरण्याचे अग्रस्थान त्यांनी बोसांनाच दिले. याहून निःपक्षपाती प्रशस्तिपत्र कोणते?

याप्रमाणे १९०४ पर्यंत दोन अर्धी एकाच माणसाच्या हाती होती. एक, लहरीची बाजू निवडणारा तंतू. दुसरे, प्रकाशाची वीज करणारा अर्धसंवाहक. ही दोन्ही एकाच धाग्यात आणणे म्हणजेच आजची ध्रुवणसंवेदी नॅनोतार. गणेशोत्सवात मी दोन्ही अर्ध्यांची बेरीज परस्पर करून टाकली होती. बोसांनी ती केली नव्हती, आणि त्या काळी ती कोणालाही करता आली नसती.

का आली नसती, हे समजण्यासाठी मधल्या शंभर वर्षांचा हिशेब पाहिला पाहिजे.

पहिली अडचण आकाराची. जाळी किंवा तंतू लहरीच्या लांबीहून पुष्कळ बारीक असावे लागतात. बोसांच्या लहरी मिलिमीटरांच्या, म्हणून त्यांना पुस्तकाची पाने पुरली. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चारशे ते सातशे नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. त्यासाठी तंतू आपल्या केसाहून हजारपटीने बारीक हवा. असा तंतू कातून किंवा ओढून होत नाही. तो वाढवावा लागतो. दुसरी अडचण शुद्धतेची. गॅलेनाच्या खड्यावर चांगली जागा सापडेपर्यंत सुईचे टोक चाचपडत फिरवावे लागे; कारण खाणीतून निघालेल्या स्फटिकात कोठे कोणता मळ आहे, हे कोणास ठाऊक? आणि तिसरी अडचण ज्ञानाची. अर्धसंवाहक अर्धवट वाहक का असतात, हे सांगणारा सिद्धान्तच १९३१ मध्ये केंब्रिजच्या ॲलन विल्सनने मांडला.

या तिन्ही अडचणी एकेक करून दूर झाल्या, पण बहुतेक परदेशांत. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर अवतरला. त्यापाठोपाठ स्फटिक विलक्षण शुद्ध करण्याच्या पद्धती निघाल्या. त्याच संस्थेतील वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ मध्ये एक मोठी मौजेची गोष्ट नोंदविली. सिलिकनच्या तापविलेल्या पृष्ठभागावर सोन्याचा सूक्ष्म थेंब ठेवून त्यावर सिलिकनयुक्त वायू सोडला, तर थेंब सिलिकन पिऊन तृप्त होतो आणि आपल्या खाली ते स्फटिकरूपाने सोडत जातो. थेंब वर उचलला जातो, खाली धागा वाढतो. थेंबाच्या जाडीएवढी धाग्याची जाडी. त्या काळी हे धागे पुष्कळ जाड असत. नव्वदीच्या दशकात थेंब नॅनोमीटरांच्या मापाचे करता येऊ लागले आणि नॅनोतारा हाती आल्या.

मधल्या काळात ध्रुवणाची विद्याही दुसऱ्या वाटेने पुढे गेली होती. अमेरिकेत एडविन लँडने १९३८ च्या सुमारास प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पापुद्रा ताणून, त्यातील लांब रेणू एका दिशेने ओळीत आणून, त्यांवर आयोडीन बसविले. आयोडीनच्या त्या साखळ्या म्हणजे हर्ट्झच्या तांब्याच्या ताराच, केवळ रेणूंच्या मापाच्या. हाच पापुद्रा आज आपल्या कचेरीतील प्रत्येक संगणकाच्या पडद्यात असतो. मागील उन्हाळ्यात मी बाहेरून आलो तो डोळ्यांवरचा पोलरॉइडचा चष्मा तसाच ठेवून टेबलावर वाकलो. मान तिरकी होताच पडदा काळाठिक्कर! संगणक बिघडला म्हणून मी तक्रार लिहावयास घेतली. शेजारच्या सहकाऱ्याने चष्मा काढावयास सांगितला आणि सारी खोली हसली. दिवसाचे आठ तास ध्रुवित प्रकाशासमोर बसणाऱ्या माणसाचे हे अज्ञान मी लपवून ठेवीत नाही.

आता नॅनोतारेकडे येतो. २००१ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या प्रयोगशाळेने इंडियम फॉस्फाइड या अर्धसंवाहकाच्या एकेकट्या नॅनोतारेवर प्रयोग करून ते प्रसिद्ध केले. तारेवर प्रकाश पाडला आणि तिच्यातून वाहणारी वीज मोजली. प्रकाशाचे कंपन तारेच्या लांबीने असता वीज भरपूर. आडवे असता जवळजवळ नाही. तार स्वतःच प्रकाश देऊ लागली तेव्हा तोही तिच्या लांबीच्या दिशेनेच ध्रुवित होता.

हे घडते कसे? धातूच्या जाळीप्रमाणे येथे विद्युत्कण लांबवर पळतात असे नव्हे. येथे बोसांच्या नुसत्या पुस्तकाचे तत्त्व आहे; म्हणजे भिन्न स्वभावाचे दोन पदार्थ शेजारी येणे. तारेच्या पदार्थात विद्युत्क्षेत्राने विद्युत्‌भार किती सरकतात, याचे एक माप असते. हवेसाठी ते १ आणि इंडियम फॉस्फाइडसाठी सुमारे १२.४. क्षेत्र तारेला आडवे असले म्हणजे तारेच्या दोन्ही कडांवर विरुद्ध भार गोळा होतात आणि ते आत शिरणाऱ्या क्षेत्राला विरोध करतात. हिशेब असा: दोनला एक अधिक १२.४, म्हणजे १३.४ ने भागावे. उत्तर साधारण एक-सप्तमांश. बाहेरच्या क्षेत्राचा एवढाच भाग आत पोहोचतो. प्रकाशाचे शोषण क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात होत असल्यामुळे ते सुमारे एक-पंचेचाळिसांश उरते. लांबीच्या दिशेने मात्र अशा कडाच आड येत नाहीत. क्षेत्र पूर्ण आत जाते. पंचेचाळीस आणि एक यांची वजाबाकी भागिले बेरीज केली, तर ०.९६ येते, आणि हार्वर्डच्या प्रयोगात प्रत्यक्ष मोजलेला आकडाही तोच होता. कागदावरचा हिशेब आणि उपकरणाचा आकडा असे जुळलेले पाहिले, म्हणजे लेखापरीक्षणाची सवय असलेल्या मनाला निराळेच समाधान होते.

अर्थात प्रत्येक तार हा नियम मुकाट्याने पाळते असे नाही. तार जाड होऊन तिची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीजवळ आली, की हा हिशेब चुकू लागतो. शिवाय स्फटिकातील अणूंच्या रचनेलाही मत असते. इंडियम फॉस्फाइडचीच तार वेगळ्या, षट्कोनी धाटणीच्या रचनेत वाढली, तर तिच्यातून निघणारा प्रकाश तारेला आडवा ध्रुवित होतो, असे पुढील काही वर्षांत आढळून आले. म्हणजे बाहेरचा आकार एक सांगतो आणि आतली घडण दुसरे. उपकरण करणाऱ्याला दोन्हींचा विचार करावा लागतो. अशा तारांपासून प्रकाशाची बाजू ओळखणारे सूक्ष्म ग्राहक, दिवे आणि लेसर करण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. आपल्या संगणकाच्या पडद्यातील आयोडीनच्या पापुद्र्याला मात्र त्यांनी अद्याप निवृत्त केलेले नाही.

मग आपल्या देशात या शंभर वर्षांत काय झाले? बोसांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपले लक्ष जड आणि सजीव यांच्या प्रतिसादाकडे व पुढे वनस्पतींकडे वळविले. पेटंटाचा द्रव्यासाठी उपयोग करणे त्यांना रुचत नव्हते. त्यांनी ते मुदतीने बाद होऊ दिले. १९१७ मध्ये स्थापलेल्या आपल्या संस्थेतही पेटंटे घेतली जाणार नाहीत, असे त्यांनी घोषित केले. या त्यागाबद्दल आदरच वाटतो. परंतु गॅलेनाच्या त्या खड्यावर पुढे काम करणारे शिष्य, त्याला शुद्ध स्फटिक पुरविणारी भट्टी आणि त्यापासून वस्तू बनविणारा कारखाना, यांपैकी त्या काळच्या परतंत्र देशात काहीच नव्हते. धागा तुटला तो येथे.

सर्वच धागे तुटले असे मात्र नव्हे. ध्रुवणाचा धागा दुसऱ्या एका सरकारी नोकराने उचलला. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये अर्थखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. तेथून त्यांची बदली रंगूनला झाली. १९१० मध्ये ते नागपुरास आले आणि पुढल्याच वर्षी पुन्हा कलकत्त्यास गेले. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी आणि जबलपूर त्याच प्रांतातील शहर; म्हणजे आपल्याप्रमाणेच बदलीच्या हुकुमाने आलेला हा तरुण अधिकारी काही महिने आपल्याच प्रांताचा होता म्हणावयाचे. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये कलकत्त्यात स्थापलेल्या विज्ञानसंस्थेत रामन कचेरीच्या आधी आणि नंतर संशोधन करीत. १९१७ मध्ये कमी वेतन पत्करून ते अर्थखाते सोडून विद्यापीठात गेले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना जो परिणाम सापडला, त्यातही ध्रुवणाने साक्ष दिली. द्रवातून विखुरलेला नव्या रंगाचा प्रकाश चांगलाच ध्रुवित होता. तो केवळ प्रतिदीप्ती नव्हे, हे त्यावरून पटले. आज नॅनोतारेतील स्फटिक कोणत्या बाजूने वाढला आहे, हे तपासण्यासाठी जगभर जी साधने वापरतात, त्यांत ध्रुवित प्रकाशातील रामन परिणामाचे मापन हे एक प्रमुख साधन आहे. हा वारसा मात्र खरोखरच सलग आला. कारण सरकारांची संस्था आधीपासून उभी होती आणि रामन यांच्यामागे कृष्णन यांच्यासारखे सहकारी होते.

दुसरा धागाही कालांतराने आपल्या देशात परत आला आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईस कुलाब्याला, इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोतारा वाढविल्या जातात. तेथील संशोधकांनी अशी एकेक तार दोन्ही टोकांना बांधून सतारीच्या तारेप्रमाणे तिची कंपने अभ्यासली आणि तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. तो विषय प्रकाशाचा नव्हे, कंपनांचा आहे. तरीही अर्धसंवाहकाचा धागा आपल्या भूमीवर वाढतो आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

रेल्वेच्या त्या गृहस्थांना मी आता उत्तर देऊ शकतो. मधली शंभर वर्षे कोठेही हरवली नव्हती. ती भट्टीपुढे, सूक्ष्मदर्शकापुढे आणि हिशेबाच्या वह्यांपुढे बसलेल्या असंख्य माणसांच्या कामी आली. त्यांतील बहुतेक आपल्या देशाची नव्हती. बोसांनी बीज दाखविले, हे खरे. बीज दाखविणाऱ्याच्या नावावर सगळे शेत लिहून देणे हा मात्र खोटा सातबारा होय. आणि ज्या शेतात मधल्या पिढ्यांनी नांगर धरला नाही, त्यावर नातवंडांनी हक्क सांगावा, हेही शोभणारे नाही. बोसांचा सन्मान करावयाचा तर त्यांनी काय केले तेवढेच नेमके सांगावे. ते इतके मोठे आहे की त्यास फुगविण्याची गरज नाही.

मी त्यांच्या घरी जाऊन हे सर्व वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ती तार हवेत असते म्हणून बाजू ओळखते म्हणता. तिच्यासारख्याच पदार्थात पुरली तर?" मी म्हणालो, "मग दोघांच्या स्वभावातला फरकच उरत नाही, काका. क्षेत्र दोन्ही बाजूंनी सारखेच आत शिरते आणि आकारामुळे आलेली तिची निवड नाहीशी होते." ते थोडे थांबून म्हणाले, "म्हणजे परक्या मुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये."

पुढील गणेशोत्सवात याच विषयावर पुन्हा बोलण्याची परवानगी मी मंडळींकडे मागितली आहे. मागील विधान मागे घेऊनच मी आरंभ करणार आहे. व्यासपीठावर प्रात्यक्षिकासाठी रेल्वेचे एक जुने वेळापत्रक ठेवण्याचे त्या गृहस्थांनी कबूल केले असून, तागाची जुडी आणण्याचे काम माझ्याकडे आहे.